पूजा पुरे, प्रत काढा

आपण मराठी माणसे वस्तूची पूजा फार लवकर करतो आणि तिची काळजी फार उशिरा घेतो. खंडेनवमीला किंवा दसऱ्याला कोणत्याही कचेरीत, शाळेत, छापखान्यात जाऊन पाहा. संगणकाला गंध लागलेले असते, पडद्यावर झेंडूचा हार लोंबत असतो, कळफलकावर हळदकुंकू सांडलेले असते. हात जोडून झाले की पेढे वाटायचे आणि घरी जायचे. ज्या यंत्रापुढे आपण हात जोडले त्याच्या पोटात काय आहे आणि त्याची दुसरी प्रत कुठे आहे, हे विचारणारा माणूस त्या समारंभात सापडत नाही. कोणी विचारलेच, तर तो अपशकुन ठरेल.

ह्या लेखात मी तो अपशकुन करणार आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: जुन्या संगणकात पडून राहिलेल्या लिखाणाची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढणे, ती तपासणे आणि ती पुढच्या माणसाला वाचता येईल अशा रूपात ठेवणे, हे दुरुस्तीवाल्याचे काम नव्हे, ते वाङ्मयाचे काम आहे. ते लेखकाने करावयाचे आहे, आणि लेखक गेल्यावर त्याच्या भाषेने करावयाचे आहे. जो लेखक 'मला त्यातले काही कळत नाही' असे हसत सांगून ते टाळतो, तो विनयशील नाही, आळशी आहे.

हे मी कोणत्या अधिकाराने म्हणते? अधिकार काहीच नाही. मी मॅट्रिक झालेली चित्रकला-शिक्षिका. दिवसा मुलांना निसर्गचित्रात डोंगराच्या मधोमध सूर्य काढू नका म्हणून सांगायचे आणि रात्री कादंबऱ्या लिहायच्या, असा माझा व्यवसाय. विज्ञानाशी माझा संबंध दहावीच्या परीक्षेनंतर सुटला. म्हणूनच मी हे बोलते. तज्ज्ञाने सांगितले असते, तर 'त्यांना काय, त्यांचा तो धंदाच आहे' असे म्हणून आपण मोकळे झालो असतो. माझ्यासारखीला जे जमते ते न जमण्याचे कारण एम. ए., पीएच. डी. झालेल्या माझ्या लेखकबंधूंनी मला समजावून द्यावे.

आधी हे एवढे निकडीचे का, ते सांगते. १९९५ ते २०१० ह्या पंधरा वर्षांत मराठी लेखक कागदावरून संगणकाकडे वळला. सगळे वळले नाहीत. पण पुष्कळ वळले. त्या काळात लिहिलेले, टंकित केलेले, ध्वनिमुद्रित केलेले जे काही आहे, त्यातले छापले गेले ते वाचले. जे छापले गेले नाही ते त्या यंत्रांत आहे. अर्धवट कादंबऱ्या, पहिले खर्डे, पत्रव्यवहार, एखाद्या गावाचा कोणीतरी हौसेने जमवलेला इतिहास, म्हणींचे संग्रह, बोलींचे शब्दकोश: हे सगळे त्या पिवळट पडलेल्या डब्यांत आहे आणि ते डबे माळ्यावर आहेत.

डब्यातल्या हार्ड डिस्कची रचना जरा समजून घ्या. आत चुंबकीय लेप दिलेल्या गुळगुळीत तबकड्या असतात. घरगुती यंत्रात त्या मिनिटाला साधारण ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरतात. त्यांच्यावरून वाचणारे शीर्ष माणसाच्या केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतरावर तरंगत असते. अशी रचना वीस वर्षे चालते ह्याचेच नवल करावे. ती बंद पडते ह्याचे नवल करू नये. तिला दमट हवा सोसत नाही, धक्का सोसत नाही, आणि वर्षानुवर्षे नुसते पडून राहणेही मानवत नाही. तिला जोडायच्या जुन्या रुंद पट्टीच्या आयडीई तारेची जागा आजच्या संगणकात उरलेली नाही. ज्या विंडोज एक्सपीवर ती यंत्रे चालत, तिची देखभाल कंपनीने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवली. थोडक्यात, यंत्र म्हातारे, त्याची भाषा जाणणारे कमी, आणि त्याच्या पोटातल्या ऐवजाचे मालकही म्हातारे.

आमच्या जिल्ह्यातले एक वृद्ध कवी काही वर्षांमागे वारले. शेवटची दहा वर्षे ते संगणकावरच लिहीत. कागद पुरत नाही आणि हात कापतो, म्हणून हौसेने शिकले होते. तेराव्यानंतर घर आवरताना मुलांनी डबा भंगारवाल्याला दिला. मी मुलांना दोष देत नाही. वडिलांच्या वह्या त्यांनी कापडात बांधून जपून ठेवल्या आहेत, कारण वही दिसते. डब्यावर कुठे लिहिले होते की ह्यात दहा वर्षे आहेत? भंगारवाल्याने तांबे काढले, ॲल्युमिनियम काढले. त्याने आपले काम चोख केले. ज्यांचे काम चुकले ते आम्ही, त्या कवीच्या काव्यवाचनाला टाळ्या वाजवणारे. 'काका, त्याची प्रत काढून देऊ का?' एवढे एक वाक्य तालुक्यातल्या एकाही साहित्यिकाच्या तोंडून निघाले नाही. शोकसभेत मात्र प्रत्येकाला दहा दहा मिनिटे बोलायचे होते.

असे काही सांगितले की एक ठरलेले उत्तर येते, आणि ते फार भारदस्त असते: 'अहो बाई, जे खरे असते ते टिकते. काळ निवड करतो.' हे वाक्य मी इतक्या व्यासपीठांवरून ऐकले आहे की आता त्याची मला चीड येते. काळ निवड करीत नाही. काळाला वाचता येत नाही. निवड करतात वाळवी, पाणी, आग आणि भंगारवाला. त्यांच्याविरुद्ध उभी राहतात ती प्रत काढणारी माणसे. टिकलेल्या प्रत्येक ग्रंथामागे एक कंबर मोडलेला नकलनवीस असतो. आपल्या वाङ्मयाचा इतिहास दुसरे काही सांगत नाही.

'लीळाचरित्र' घ्या. मराठी गद्याचा हा पहिला मोठा ग्रंथ म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध केला. स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी गेली. मग ती परत आली ती काळाच्या कृपेने नव्हे. ज्यांना ती पाठ होती अशा शिष्यांनी आठवून आठवून ती पुन्हा लिहिली. म्हणून तर तिचे निरनिराळे पाठ झाले. त्यांची स्मरणशक्ती हीच तिची दुसरी प्रत होती. आज आपल्याला स्वतःचा दूरध्वनी क्रमांकही पाठ नसतो. आपल्या कादंबऱ्या कोणाला पाठ असणार?

एकनाथांचे घ्या. ज्ञानेश्वरीच्या प्रती गावोगाव होत्या. पण नकला करता करता पाठ बिघडले होते. नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, प्रती ताडून ग्रंथ शुद्ध केला. एवढा मोठा कवी, स्वतःची रचना सोडून दुसऱ्याच्या ग्रंथातले काने-मात्रे तपासत बसला. त्यांना ते कमीपणाचे वाटले नाही. आपल्याला स्वतःच्याच ग्रंथाचे ते करणे कमीपणाचे वाटते.

आणि पूजेचाच विषय निघाला आहे म्हणून मूडबिद्रीचे सांगते. कर्नाटकातल्या ह्या गावी दिगंबर जैनांच्या 'षट्खंडागमा'वरील 'धवला' टीकेच्या ताडपत्राच्या पोथ्या जुन्या कानडी लिपीत शतकानुशतके जपून ठेवलेल्या होत्या. दुसरीकडे त्या ग्रंथाची प्रत उरलेली नव्हती. यात्रेकरू दुरून येत, पोथ्यांचे दर्शन घेत, नमस्कार करीत आणि परत जात. वाचत कोणी नसे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दर्शनाला गेलेल्यांत सोलापूरचे हिराचंद नेमचंद दोशी होते. दर्शनाने त्यांचे समाधान झाले नाही. ह्याची नक्कल झाली पाहिजे, हा ध्यास त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. परवानग्या, विरोध, लिपी जाणणाऱ्यांचा शोध, अशा अडथळ्यांतून नकलेचे काम वर्षानुवर्षे चालले. अखेर त्या नकलांच्या परंपरेतून प्रा. हिरालाल जैन यांनी १९३९ मध्ये 'धवले'चा पहिला खंड छापून काढला, तोही आपल्या अमरावतीहून. हजारोंनी त्या पोथीला नमस्कार केला होता; ती वाचली एका व्यापाऱ्याच्या हट्टामुळे. नमस्कार आणि नक्कल ह्यांतला फरक ह्याहून स्पष्ट करून सांगता येईल असे मला वाटत नाही.

आता दुसऱ्या आक्षेपाकडे वळते. हा तरुणांचा असतो. 'बाई, आता डिस्क कोण वापरते? सगळे क्लाउडवर असते.' क्लाउड म्हणजे ढग. नाव मोठे समर्पक ठेवले आहे, कारण ढग आपल्या शेतावर बरसेलच असे नाही. अर्थात आकाशात काही नसते. ते दुसऱ्याच्या मालकीच्या, दुसऱ्याच्या जागेतल्या संगणकांवर असते. तिथे एक प्रत ठेवायला माझी ना नाही, जरूर ठेवा. पण एकुलती एक तिथेच ठेवाल, तर ती घरमालकाच्या मर्जीवर आहे. 'ऑर्कुट'वर आपल्या पुष्कळ मुलामुलींनी लिहिले, वाद घातले, कविता टाकल्या. ते ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. दोन वर्षे न वापरलेली खाती त्यांतल्या सामग्रीसह काढून टाकण्याचे धोरण गूगलने २०२३ मध्ये जाहीर केले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरपासून ते लागू झाले. त्यांनी ते लपवून ठेवलेले नाही. पण मेलेला लेखक दोन वर्षांतून एकदा आपले खाते कसे उघडणार? आणि संकेतशब्द? तो लेखकाबरोबर चितेवर जातो. लोखंडी कपाटाची किल्ली निदान सुनेला सापडते.

शिवाय जुन्या संगणकातले त्या ढगात आपोआप जात नसते. ते आधी त्या डब्यातून बाहेर काढावेच लागते. म्हणजे फिरून आपण डिस्कपाशी आलो.

तिसरा आक्षेप खरा गंभीर आहे आणि तो मला मान्य आहे: 'माझे खर्डे जगाने पाहू नयेत अशी माझी इच्छा आहे.' ठीक. मग ते स्वतःच्या हाताने पुसून टाका. तो तुमचा निर्णय ठरेल आणि त्याचा मी आदर करीन. पण भंगारवाल्याने पुसणे हा निर्णय नव्हे; तो निष्काळजीपणा आहे आणि त्याला तत्त्वज्ञानाचे नाव देऊ नये. 'माझे लिखाण एवढे मोलाचे कुठे आहे?' असे म्हणणाऱ्यांना तर मी विचारीन, की ते ठरवणारे तुम्ही कोण? स्वतःची किंमत स्वतःच कमी ठरवणे हाही एक अहंकार आहे.

मी माझी प्रत कशी काढली ते आता सांगते. हे अवघड आहे, ह्या समजुतीचा पडदा काढून टाकायचा आहे, म्हणून सांगते. माझा संगणक २००३ साली घेतलेला, आणि त्या वेळीही दुसऱ्या हाताचा. त्यात दोन कादंबऱ्यांचे खर्डे होते. पण खरा ऐवज वेगळाच होता. सावंतवाडीच्या बाजूचे एक वृद्ध दशावतारी नट २००८ मध्ये माझ्याकडे बसून बोलले होते. दशावतारातली भाषणे लिहिलेली नसतात. आख्यान ठरते, पात्रे ठरतात, आणि नट रंगमंचावर उभा राहून आयत्या वेळी बोलतो. शब्द हवेत जातात. त्या म्हाताऱ्याने चाळीस वर्षे राजे, राक्षस आणि नारद उभे केले होते आणि त्याचा एक शब्द कागदावर नव्हता. मी ते आवाजात घेतले आणि काही भाग टंकित केला. २०१३ मध्ये ते वारले. म्हणजे त्या डब्यात माझे असे थोडे आणि त्यांचे पुष्कळ होते. ही गोष्ट मी मुद्दाम सांगते. आपल्या संगणकात बहुधा आपल्या एकट्याचे काहीच नसते. त्यात दुसऱ्याचा आवाज असतो, आणि तो हरवण्याचा हक्क आपल्याला नसतो.

मे महिन्याच्या सुट्टीत, पाऊस लागण्यापूर्वी, मी कामाला बसले. नवी हार्ड डिस्क मुद्दाम लहान घेतली, एक टेराबाइटची. दोन टेराबाइटांहून मोठ्या डिस्कपुढे जुनी एक्सपी गोंधळण्याचा संभव असतो, हे दुकानातल्या मुलाकडून आधीच विचारून घेतले होते. डिस्कची मांडणीही जुन्या यंत्राला वाचता येईल अशी त्याच्याकडूनच करून आणली. ती डब्याच्या पुढच्या खोबणीत लावली तर नुसती कुरकुरली. वीज पुरत नव्हती. मागच्या खोबणीत लावल्यावर चालली. खोबण जुन्या पद्धतीची, सेकंदाला जेमतेम एक मेगाबाइट देणारी. माझा ऐवज बावीस गिगाबाइटांचा. म्हणजे सहा तासांच्या वर काम. वीज जाण्याची धास्ती होती, म्हणून शेजाऱ्यांचा इन्व्हर्टर एका रात्रीपुरता मागून आणला. रात्री दहाला लावले आणि पहाटे पाच वाजता झाले. मधल्या वेळात मी एक प्रकरण लिहिले. एवढा हा पराक्रम.

त्या रात्रीतून आणि त्यानंतर इतरांची कामे करून दिली त्यांतून जे नियम मला दिसले ते असे. पहिला नियम: आधी आवराआवर करू नका. 'हे ठेवू, हे टाकू' असे करीत बसलात की तीन दिवस जुनी पत्रे वाचण्यात जातात आणि चौथ्या दिवशी यंत्र बंद पडते. सगळे जसेच्या तसे उचला. निवड नंतर करा. दुसरा: उचलताना मुळातून कापून नेऊ नका, नक्कलच करा. मधे वीज गेली तर कापलेले हरवण्याचा धोका असतो. तिसरा: लिखाण एकाच जागी आहे असे धरून चालू नका. ते दर्शनी पडद्यावर असते, 'माय डॉक्युमेंट्स'मध्ये असते, आणि मुलाने कधीतरी डी ड्राइव्हमध्ये टाकलेल्या 'नवीन फोल्डर २' मध्येही असते. चौथा: झाल्यावर दोन्हीकडच्या फाइलींची संख्या आणि एकूण आकार ताडून पाहा, आणि दहा-वीस फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. न उघडलेली प्रत ही प्रत नव्हे, ती नुसती समजूत आहे. पाचवा: डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर यंत्र ताबडतोब बंद करून जाणत्याकडे न्या, पुन्हा पुन्हा चालू करून पाहणे म्हणजे मोडलेल्या पायावर पळणे. आणि यंत्रच सुरू होत नसेल, तरी रडत बसू नका. पुष्कळदा बाकीचा डबा मेलेला असतो आणि डिस्क जिवंत असते. ती बाहेर काढून साध्या जोडणीने नव्या संगणकाला लावता येते.

सहावा नियम सगळ्यांत महत्त्वाचा. प्रत हा शब्दच निदान दोन वस्तू गृहीत धरतो. नव्या डिस्कवर नेले आणि जुना डबा विकला, तर तुमच्यापाशी पुन्हा एकच उरली. फक्त डबा बदलला. ह्या कामातले जाणकार तीन प्रती ठेवा, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर ठेवा आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी ठेवा, असे सांगतात. दुसऱ्या गावी कशाला, असे कोकणातल्या माणसाला विचारावे लागू नये. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात २००५ च्या जुलैमध्ये पुराचे पाणी शिरले आणि २२ जुलै २०२१ रोजी पुन्हा शिरले. एका कपाटातल्या दोन प्रती पाण्याच्या लेखी एकच असतात.

एवढे केले तरी अर्धेच काम झाले. उरलेले अर्धे खास मराठीचे आहे, आणि ते कोणी इंग्रज किंवा अमेरिकन आपल्यासाठी करणार नाही.

संगणकाच्या लेखी अक्षर म्हणजे एक आकडा. त्या आकड्यासमोर कोणते चित्र काढायचे ते फाँट, म्हणजे टंक, ठरवतो. मराठीचे जुने टंक तयार झाले तेव्हा देवनागरीला सर्वत्र मान्य असे आकडे हाताशी नव्हते. म्हणून रोमन अक्षरांच्या घरांत मराठी अक्षरांची चित्रे बसवली गेली, आणि प्रत्येक कंपनीने ती आपापल्या सोयीने बसवली. ती सोय त्या काळी उपकारकच होती. मराठी छपाई संगणकावर आली ती तिच्यामुळे. पण परिणाम असा, की एका टंकातला 'क' दुसऱ्या टंकात 'ठ' होतो, आणि तो टंक नसलेल्या संगणकावर सबंध कादंबरी रोमन अक्षरांचा अर्थहीन चिवडा होऊन समोर येते. देवनागरीला स्वतःची कायमची घरे देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली. 'मंगल' हा युनिकोड टंक विंडोज २००० बरोबर घरात आला. पण आमची पुस्तके लागत ती पेजमेकरवर. त्याला युनिकोड देवनागरी झेपत नसे, आणि २००१ च्या सातव्या आवृत्तीनंतर तो पुढे वाढलाही नाही. म्हणून युनिकोड येऊनही कितीतरी वर्षे मराठी मजकूर जुन्याच टंकांत साठत गेला. आज छापखान्यांच्या आणि प्रकाशकांच्या डिस्कांत तो पडून आहे.

हे आपल्याकडे प्रथमच घडते आहे काय? महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक सकळ लिपीत बंद करून ठेवले. पोथ्या मठांत सुखरूप होत्या, आणि तरी उरलेला महाराष्ट्र त्यांना मुकला होता. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती लिपी उलगडली तेव्हा दार उघडले. मोडीचे काय झाले? पुण्याच्या पेशवे दप्तरात कोट्यवधी कागद आहेत आणि ते वाचणारे बोटांवर मोजण्याइतके. कागद वाचला, पण वाचणारा गेला, तर वाङ्मय गेलेच. महानुभावांना निदान जपण्यासाठी लपवायचे होते. आपण तर काही हेतू नसताना, नुसत्या हयगयीने आपली भाषा सकळ लिपीत घालून बसलो आहोत, आणि आपला राजवाडे अजून जन्माला यायचा आहे.

म्हणून डिस्कवर नुसत्या फाइली नेऊ नका. त्यांच्याबरोबर जुन्या संगणकातले टंकही न्या, नाहीतर कुलूप नेले आणि किल्ली माळ्यावर राहिली असे होईल. काही जुन्या मराठी प्रणालींना यंत्रामागे एक डोंगल लावावे लागे. ते घरात कुठे असेल तर खेळणे समजून टाकू नका. मग प्रत्येक महत्त्वाचा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. बदलून देणाऱ्या प्रणाली आहेत. पण त्यांच्यावर विसंबू नका. जुन्या टंकांत ऱ्हस्व इकार अक्षराच्या आधी साठवलेला असतो आणि युनिकोडात नंतर, रफाराचीही जागा बदलते, जोडाक्षरे मोडतात. म्हणून बदलल्यावर ओळ न् ओळ मुळाशी ताडून वाचावी लागते. हे काम कंटाळवाणे आहे ह्यात शंका नाही. पैठणच्या त्या कवीने ते चारशे वर्षांपूर्वी केले, एवढे मनात आणले की कंटाळा जरा कमी होतो.

आणि हे जमते, ह्याचा पुरावा आपल्या डोळ्यांसमोर आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ ह्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हजाराहून अधिक गावांतल्या बायकांच्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्या संगणकात घातल्या गेल्या, ध्वनिफिती जपल्या गेल्या, एका साधनावरून दुसऱ्यावर नेल्या गेल्या. आणि २०१७ पासून 'पारी'च्या संकेतस्थळावर त्या कोणालाही वाचता येतात, त्यांतल्या कितीतरी ऐकताही येतात. त्या बायकांत अक्षरओळख नसलेल्या पुष्कळ होत्या. त्यांचे टिकले. आणि आपण पुरस्कारप्राप्त लेखक म्हणवणाऱ्यांचे माळ्यावर कुजते आहे.

शेवटी संस्थांना दोन शब्द. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. ढोल वाजले, पेढे वाटले, मीही एक खाल्ला. पण तो दर्जा आपल्याला कशाच्या जोरावर मिळाला? कोणीतरी शिळेवर कोरले, कोणीतरी ताम्रपटावर खोदले, कोणीतरी पोथीवरून पोथी उतरवली, ह्या जोरावर. आपल्या पिढीने त्या ढिगात काय घातले? १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली चालणारी हजारो वाचनालये महाराष्ट्रात आहेत. प्रत्येक तालुक्यातल्या एका वाचनालयाने दोन हार्ड डिस्का घेऊन ठेवाव्यात. तालुक्यातल्या लिहित्या माणसांकडे जाऊन, त्यांच्या अटींवर, हवे तर त्यांच्या हयातीत न उघडण्याच्या बोलीवर, त्यांच्या प्रती घ्याव्यात. एक डिस्क आपल्याकडे व दुसरी दूरच्या तालुक्यात ठेवावी. आणि वर्षातून एकदा ती लावून पाहावी, कारण ही डिस्कही अमर नाही. ह्याला एका सत्कारसमारंभाच्या शालीश्रीफळांपेक्षा जास्त खर्च येत नाही. प्रकाशकांनी लेखकाला पुस्तकाच्या पंचवीस प्रती देताना सव्विसावी प्रत युनिकोडमध्ये द्यावी. हे मागायला लेखकाने लाजू नये आणि द्यायला प्रकाशकाने कुरकुरू नये.

श्वेतांबर जैनांत कार्तिक शुद्ध पंचमीला ज्ञानपंचमी म्हणतात. त्या दिवशी ग्रंथांची पूजा होतेच. पण पोथ्या बाहेर काढणे, झाडणे, वाळवी लागली आहे का ते पाहणे हाही त्या दिवसाचा रिवाज आहे. ही पूजा मला समजते. भाऊबीजेनंतर तिसऱ्या दिवशी ती येते. फराळाचे डबे रिकामे झालेले असतात, पाहुणे परतलेले असतात, शाळांना सुट्टी असते. त्या दिवशी माळ्यावरचा डबा खाली उतरवा, पुसा, तार जोडा. आणि तुमच्या ओळखीत कोणी म्हातारा लिहिता माणूस असेल, तर शाल घेऊन त्याच्याकडे जाऊ नका. हार्ड डिस्क घेऊन जा.